थांबलेली रांग

मेथी निवडायला सुलक्षणानं जमिनीवर जुना पेपर पसरला, जुडीचा दोरा सोडला, आणि तिसऱ्याच काडीला तिचा हात थांबला. पेपर तीन आठवड्यांपूर्वीचा होता, धुळे जिल्ह्याच्या बातम्यांचं पान. खालच्या कोपऱ्यात मोटरसायकलच्या जाहिरातीला चिकटून चार ओळी होत्या. आमलीपाडा येथील रुपली सिंगा पावरा, वय सव्वीस, ही महिला मंगळवारी दुपारी उमरी नदी ओलांडत असताना अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेली. मृतदेह दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. तिनं ओळींवरची पानं बाजूला सारली आणि पुन्हा वाचलं. 'अचानक' या शब्दापाशी ती अडकली. आमलीपाड्यात पाणी अचानक येऊ शकत नव्हतं, कारण तिथं भोंगा होता. वर धरणाच्या भिंतीवर एक पेटी होती. पाणी खुणेच्या वर गेलं की ती पेटी निरोप पाठवायची आणि नऊ-दहा सेकंदांत खाली पाड्यावर भोंगा वाजायचा. पाणी पोचायला त्यानंतर पंचवीस मिनिटं लागायची. हे सगळं सुलक्षणाला पाठ होतं, कारण त्या पेटीच्या आतला काही भाग तिनं लिहिलेला होता. ती जळगावात, महाबळच्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात, पाय पसरून बसली होती. तिनं उरलेली मेथी निवडली, देठ वेगळे केले, पानं चाळणीत घेऊन तीन पाण्यांनी धुतली. मग हात पुसून ती आतल्या खोलीत गेली. आपल्याला काहीच वाटलेलं नाही हे तिला लॅपटॉप उघडताना जाणवलं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण बोटानं दाबला तर बोटालाच कळतं, गालाला नाही, तसं काहीतरी तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं.

तिचं काम लोकांना सांगायला सोपं नव्हतं. ऋतिकाच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा असे तिथं ती 'कॉम्प्युटर' एवढंच लिहायची. खरं तर ती कॉम्प्युटरच्या पोटात काम करायची. पडद्यावर माणसाला जे दिसतं त्याच्या पुष्कळ खाली, कर्नल नावाचा जो मूळ कारभारी बसलेला असतो त्याच्या एका कोपऱ्यात. तिचा कोपरा बाहेर जाणाऱ्या निरोपांचा. निरोप लहान लहान तुकड्यांत बांधले जातात, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेटं रांगेत उभी राहतात आणि मोडेमकडे, म्हणजे निरोप मोबाईलच्या टॉवरकडे धाडणाऱ्या भागाकडे, जागा होईल तशी एकेक बाहेर पडतात. मोडेम भरला की रांगेला 'थांब' सांगायचं. मोडेम मोकळा झाला की 'चल' सांगायचं. सहा वर्षं घरी बसल्यावर, ऋतिका शाळेत जायला लागल्यावर, हे काम तिला प्रकाश सरांनी दिलं होतं. ते चाळीसगावचे, कॉलेजात तिच्या चार वर्षं पुढे, आणि आता पुण्यात या छोट्या कंपनीत कर्तेधर्ते. मधल्या सहा वर्षांचं काय, असं त्यांनी मुलाखतीत विचारलं नव्हतं. जळगावातून काम कर म्हणाले होते. नद्यांच्या पेट्यांचं काम आहे, पगार फार नाही, पण माणसं वाचतील, असंही म्हणाले होते, आणि तेव्हा तिला ते वाक्य थोडं जास्तीचं वाटलं होतं.

पेटीचे लॉग, म्हणजे पेटी आपल्या कामाच्या वेळेनुसार ठेवते त्या नोंदी, उघडायला तिला परवानगी लागत नव्हती. एकोणीस ऑगस्ट, मंगळवार. तीन वाजून दहा मिनिटांनी पाणी खुणेच्या वर गेलं. त्याच सेकंदाला इशाऱ्याचं पॅकेट तयार झालं आणि रांगेत जाऊन उभं राहिलं. त्याच्या पुढे तीनशे बारा पॅकेटं होती, सगळी पाण्याच्या उंचीची साधी मापं. पाऊस जोराचा असला की पेटी दर काही सेकंदांनी माप घेते, त्यामुळे रांग वाढते, हे नेहमीचंच. पण नेहमी ती सरकते. त्या दिवशी पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा तीन नऊला अठ्ठेचाळीस हजार दोनशे सात होता, तीन वीसला अठ्ठेचाळीस हजार दोनशे सात होता, तीन चाळीसलाही तेवढाच. आणि शेजारच्या रकान्यात सिग्नल. सुलक्षणानं तो रकाना बोट लावून वरपासून खालपर्यंत वाचला, लहानपणी वाचायची तसा. तीन काड्या. तीन काड्या. तीन काड्या. बेचाळीस मिनिटं मोडेम रिकामा बसून होता, डोंगरात दुर्मिळ असतो असा छान सिग्नल होता, आणि रांग भरलेली, जागच्या जागी उभी. तीन बावन्नला पेटीनं तासाची नेहमीची तपासणी केली, बराच वेळ काही बाहेर गेलं नाही हे तिच्या लक्षात आलं, तिनं मोडेम बंद करून पुन्हा चालू केला, आणि सगळी पॅकेटं दोन सेकंदांत निघून गेली. तीन बावन्नला आमलीपाड्यावर भोंगा वाजला.

बाहेर केळीवाला ओरडत गेला. तिनं पडद्यावरचं एक पान खाली सरकवलं, मग आणखी एक, पण काय शोधायचं ते तिला आधीच ठाऊक होतं. मोडेम भरलाय हे पाहणं आणि रांगेला थांब म्हणणं, यांच्यामध्ये सेकंदाचा लाखावा भाग जातो. नेमक्या त्याच फटीत मोडेमनं हातातलं सगळं पाठवून टाकलं तर तो रांगेकडे बघतो, रांग काही थांबलेली नाही, म्हणजे चल म्हणायची गरज नाही, म्हणून गप्प बसतो. आणि त्याच्या पाठोपाठ इकडून थांबचा शिक्का पडतो. मग रांग मोडेमची वाट पाहते आणि मोडेम रांगेची. म्हणून थांब म्हटल्यावर लगेच एकदा वळून बघायचं असतं, जागा झाली का, आणि झाली असेल तर आपणच चल म्हणायचं असतं. हे या धंद्यातल्या पहिल्या वर्षाच्या माणसालाही शिकवतात. वळून बघायची ती ओळ पेटीत होती. अडीच वर्षांपूर्वी, एकवीस मार्चला, दुपारी चार चाळीसला कुणीतरी ती काढून टाकली होती. काढणाऱ्याचं नाव सुलक्षणा नारखेडे. कारणापुढे लिहिलं होतं, 'अनावश्यक तपासणी काढली.' चार मिनिटांनी प्रकाश सरांची मंजुरी.

तिनं तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा काहीच येईना. मग तारखेवरून आलं, ती पाडव्याची आदली संध्याकाळ. ऋतिका दारात चपला घालून उभी होती आणि म्हणत होती, आई, साखरेचे हार संपतील, चांगले गुलाबी संपतील. त्या जुन्या पेट्यांचा प्रोसेसर लहान होता, उन्हात तापायचा. प्रत्येक पॅकेटामागे थोडं थोडं काम कमी केलं तर बरं, असं त्या महिन्यात चाललेलं होतं. ती ओळ तिला अनेक दिवस डोळ्यांत खुपत होती. तिनं ती काढून दोन दिवस यंत्र चालवून पाहिलं होतं, काही बिघडलं नव्हतं. चार चाळीसला तिनं बदल पाठवला, लॅपटॉप मिटला, आणि दोघी बाजारात गेल्या. ऋतिकानं गुलाबी हार घेतला. परत येताना ऋतिकाची चप्पल तुटली आणि तिला स्कूटरवर पाय वर धरून बसावं लागलं, त्याचं दोघींना हसू आलं होतं. म्हणजे तो दिवस चांगला होता. तो वाईट निघाला असता तर बरं झालं असतं, असं सुलक्षणाला वाटलं. ताप असता, भांडण झालेलं असतं, कुणी दवाखान्यात असतं. पण तसं काही नव्हतं. ती नीट झोपलेली होती, तिचं डोकं शांत होतं, आणि तिनं ती ओळ काढली होती.

तिनं पुण्याला फोन लावला. "सर, उमरीच्या धरणावरच्या पेटीचे लॉग बघितले मी."

"ते कशाला उघडलेस?" प्रकाश सर म्हणाले. त्यांच्या मागे ऑफिसातला पंखा घरघरत होता. "ते प्रकरण संपलं. दोन आठवड्यांपूर्वीच अहवाल दिला आपण खात्याला."

"काय दिला?"

"नेटवर्क नव्हतं. अँटेना हलली होती. तोतारामनं देखभाल नीट केली नाही, त्याला नोटीस गेली आहे."

तोताराम शिरपूरचा. त्या पट्ट्यातल्या सगळ्या पेट्या आणि भोंगे तोच बघायचा, मोटरसायकलवर शिडी बांधून हिंडायचा. सुलक्षणानं त्याला कधी पाहिलं नव्हतं, फक्त फोनवर ऐकलं होतं.

"सर, नेटवर्क होतं," ती म्हणाली. "तीन काड्या होत्या, सगळा वेळ. रांग अडकली होती. मी पाडव्याच्या आदल्या दिवशी जी ओळ काढली, तीच."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"मीच पास केली होती ती," सर म्हणाले.

"हो."

"सुलू, माझं ऐक. ओळ परत टाक. पुढच्या अपडेटमध्ये सगळ्या पेट्यांवर जाऊ दे, काही लिहायचं नाही, बोलायचं नाही. शंभराच्या वर गावांना आपला भोंगा आहे. हे बाहेर आलं तर खातं घाबरून सगळे बंद करेल. बंद केल्यावर काय होईल सांग. त्या गावांतली माणसं जास्त सुरक्षित होतील?"

हे खोटं नव्हतं. "आणि तोताराम?" तिनं विचारलं.

"लागेल दुसरीकडे कुठेतरी. त्याचं मी बघतो."

ईश्वर, तिचा नवरा, दीपनगरच्या वीज केंद्रात होता. पहिली पाळी करून तो चारला घरी आला. तिनं त्याला जेवायला वाढलं, मेथीची भाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि समोर बसून सगळं सांगितलं. तिचा आवाज दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसा निघत होता. ईश्वरनं घास तसाच हातात धरला होता. "बाई होती?" त्यानं विचारलं. "सव्वीस वर्षांची," ती म्हणाली. तो म्हणाला, "तू एकटीनं नाही केलं ते. बघणारा होता ना वर." "होता." "मग?" "मग काही नाही. अहो, मला काहीच वाटत नाहीये. मी मेथी निवडली." त्यानं घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "आमच्याकडे असं म्हणतात, चूक लिहून देणाऱ्याला घरी पाठवत नाहीत, लपवणाऱ्याला पाठवतात. म्हणतात तरी." आणि थोड्या वेळानं, भाकरीचा तुकडा मोडत, "पण तसं नेहमी होतं असं नाही."

ओळ परत टाकायला तिला एक मिनिटही लागलं नाही. अवघड ते पुढचं होतं. तिच्या टेबलाखाली एक जुनी पेटी पडलेली होती, उमरीवर होती तशीच. तिच्यात तिनं ओळ नसलेला कर्नल घातला आणि खोटा पाऊस पाडला, म्हणजे मापांवर मापं रांगेत ढकलत राहिली. ती फट पकडायची होती. दिवसभर काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. ऋतिकाचे डबे झाले, गॅस आला, शेजारच्या सुमनताई मसाला मागून गेल्या, आणि टेबलाखाली पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला दिवा लुकलुकायचा थांबून नुसताच पेटून राहिला. तिनं वाकून पाहिलं. मोडेम रिकामा, रांग भरलेली. तिनं पेटीला हात लावला नाही. खुर्ची ओढून ती तिच्यासमोर बसली, आणि ही आपोआप सुटते का हे बघत बेचाळीस मिनिटं तशीच बसून राहिली. मध्ये एकदा तिला तहान लागली. सतराव्या मिनिटाला कंटाळा आला. कंटाळा आला हे लक्षात आल्यावर तिच्या हातांना घाम फुटला, आणि तो घाम तिला बरा वाटला. मग ओळ घातलेला कर्नल घातला. तो आठवडाभर अडकला नाही. तेव्हा तिनं एक पत्र लिहिलं. काय झालं, कुठल्या ओळीनं झालं, ती कुणी काढली, पुन्हा करून कसं पाहता येतं, आणि शेवटी वेगळ्या ओळीत, की देखभाल करणारे तोताराम यांचा यात काही दोष नाही. एक प्रत प्रकाश सरांना, एक धुळ्याच्या पाटबंधारे अधिकाऱ्यांना. उमरीच्या पेटीवर दुरुस्त कर्नल तिनं कुणाला न विचारता, घरूनच चढवला. सकाळी आठला पत्र पाठवलं आणि साडेआठच्या शिरपूर गाडीत ती बसली.

चोपड्यापर्यंत तिला खिडकी मिळाली नाही. चोपड्याला मिळाली. डाव्या हाताला कपाशी, मध्येच केळीच्या बागा, उजव्या हाताला सातपुडा धुरकट दिसत होता. फोन चार वेळा वाजला, चारही वेळा प्रकाश सर. पाचव्यांदा तिनं उचलला. "तुला कळतंय का तू काय केलंस?" ते म्हणाले. ती म्हणाली, "हो." ते म्हणाले, "मी तुला आणलं होतं इथं." ती पुन्हा "हो" म्हणाली. त्यांनी ठेवून दिला, आणि त्यानंतर ते तिच्याशी कधीच बोलले नाहीत. पुढे भोंगे कुणी बंद केले नाहीत. दुरून बदल पाठवणं खात्याला चालेना, म्हणून सहा आठवडे माणसं प्रत्येक पेटीपाशी जाऊन नवा कर्नल घालून आली. तोतारामची नोटीस दिवाळीनंतर मागे घेतली गेली. सुलक्षणाला नद्यांच्या कामावरून काढून दुसऱ्या कसल्यातरी कामाला लावलं, आणि जानेवारीत ती आपण होऊन तिथून बाहेर पडली. पण त्या गाडीत बसलेली असताना यातलं काही तिला माहीत नव्हतं. तिच्या शेजारी मांडीवर पितळी कळशी धरून बसलेली म्हातारी मधूनमधून तिच्या खांद्यावर डुलक्या देत होती, आणि ते वजन तिला हलवावंसं वाटत नव्हतं.

शिरपूरच्या स्टँडवर तोताराम मोटरसायकल घेऊन उभा होता. पन्नाशीचा, बारीक, स्वच्छ पांढरा शर्ट. तिच्यासाठी त्यानं हेल्मेट आणलं होतं. मॅडम भोंगा बघायला येताहेत एवढंच त्याला माहीत होतं. वाटेत तो मागे तोंड करून ओरडून बोलत होता, अर्धं वाऱ्यावर जात होतं. "ताई, मी रोज सकाळे तोच इचार करस. त्या आठवड्यामा मी अँटेना पुसेल व्हती. नट घट्ट करेल व्हता का नही, आते मालेच आठवत नही. आधी आठवे. आते नही आठवत." पुढच्या वळणानंतर त्यानं पुन्हा मान वळवली. "दर शनिवारे जास मी सिंगाकडे, रुपलीना नवराकडे. बसस. तो काही बोलत नही, मी बी नही."

सुलक्षणानं त्याला गाडी थांबवायला सांगितली. आजूबाजूला ज्वारी होती. ती उतरली, हेल्मेट काढलं, आणि म्हणाली, "तोतारामभाऊ, अँटेना हलली नव्हती. सिग्नल पूर्ण होता. चूक माझी होती."

तो हसला, चेष्टा समजून, मग हसायचा थांबला. "कशी?"

"निरोप तयार होता. रांगेत उभा होता. रांगेला थांब म्हटलं गेलं आणि चल कुणी म्हटलंच नाही. ते म्हणायची सोय होती, ती मी काढून टाकली होती. मी तसं लिहून दिलंय, तुमच्या साहेबांना आणि धुळ्याला."

तोताराम मोटरसायकलवरून उतरला. त्यानं ती स्टँडला लावली, ती नीट उभी आहे की नाही ते दोनदा बघितलं, आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. त्यानं दोन्ही तळहात उघडून समोर धरले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "म्हंजे नट मी घट्ट करेल व्हता," तो हळूच म्हणाला. तो रागावला असता तर सुलक्षणाला चाललं असतं. पण तो रुमालानं तोंड पुसून उठला. "मंग हाई सिंगाले तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "मना तोंडतून नही निंघाव."

आमलीपाडा नदीला लागून, चढावर. वीस-पंचवीस घरं, कुडाच्या भिंती, काहींवर नवे पत्रे. भोंगा एका लोखंडी खांबावर होता आणि त्याच्या तोंडाला पोचे पडलेले होते. सिंगा घरापुढे बाजेवर बसून दोर वळत होता, तिशीच्या आतला, रुंद खांद्यांचा. त्याची आई भागाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. तोतारामला बघून सिंगानं बाज सोडून दिली आणि स्वतः खाली बसला. सुलक्षणा बाजेवर बसली नाही. तिनं उभ्यानंच सांगितलं, तोतारामला सांगितलं तेच, आणखी सोपं करून. तोताराम मध्ये मध्ये एखादा शब्द त्यांच्या बोलीत सांगत होता. सिंगाचे हात दोर वळत राहिले. मग थांबले.

"कितला टाइम?" त्यानं विचारलं.

"बेचाळीस मिनिटं."

त्यानं खांबाकडे मान केली. "भोंगा वाजना, तवय आम्ही पानीमाच व्हतूत. तिले धुंडत व्हतूत. वर हाऊ बोंबली राहिना." त्याच्या आवाजात चढउतार नव्हता. "पोरंसनी दगडं मारात त्याले. मी बी मारात." म्हणजे ते पोचे. मग तो तिच्याकडे वळला. "भोंगा नव्हता ना, तवय आम्ही वरला ढग दखीसन नदीमा उतरूत. वर काळं दिसनं का थांबी जाऊत. भोंगा उना, तवयपाशी ढग कोन दखस? वाजत नही म्हंजे पानी नही."

हे सुलक्षणाच्या हिशेबात कधी आलेलं नव्हतं. भोंग्याचा आवाज पाठवायचं काम आपलं, एवढंच तिनं धरलं होतं. त्याचं गप्प राहणंही कुणीतरी रोज ऐकतंय, ऐकून नदीत पाय घालतंय, हे तिच्या मनात आलं नव्हतं. ती खाली बसली. जमीन शेणानं सारवलेली, थंड. भागाबाईनं तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "आते वाजी का तो?"

"वाजेल."

"एकदाव वाजाडीसन दखाडा," सिंगा म्हणाला आणि उठला. "पन मी सांगसू तवय."

तोताराम घरोघर सांगून आला की भोंगा वाजेल तो नुसता बघण्यासाठी, पाणी येणार नाही. धरणात पाणी खुणेच्या पुष्कळ खाली होतं, सुलक्षणानं ते दोनदा तपासलं. काठावरच्या दगडावर तिनं लॅपटॉप उघडला. खऱ्या इशाऱ्याचं पॅकेट ती वरच्या पेटीतून पाठवणार होती, खऱ्या रांगेतून. सगळं सांगितलेलं असूनही बायका पोरांना कडेवर घेऊन घराबाहेर आल्या आणि चढावर जाऊन उभ्या राहिल्या. सिंगा नदीत उतरत गेला. पाणी पोटरीला लागत होतं. अर्ध्याच्या थोडं पुढे, पलीकडच्या शेताच्या बाजूला, एक काळा खडक होता. त्याच्यापाशी जाऊन तो वळला. तोतारामनं तिच्या कानाशी सांगितलं, "तठेच दखी तिले शेवटलं." सिंगानं हात वर केला.

तिनं बटण दाबलं. नऊ सेकंद गेले. मग भोंगा वाजला, पोचे पडल्यामुळे घोगरा, मध्येच फाटणारा, पण मोठा. सिंगा चालायला लागला. तो धावला नाही, घाई केली नाही, शेतातून घरी येणारं माणूस चालतं तसा चालत आला. सुलक्षणा घड्याळाकडे न बघता मोजत होती, ओठ हलवत. एक्काहत्तरला त्याचा पाय काठाच्या मातीवर पडला. भोंगा बंद झाला आणि कानात नुसती शिट्टी राहिली.

"येळवर वाजता तर पोची जाती ती," सिंगा म्हणाला.

मग मागून भागाबाई म्हणाली, "तिना डोकावर भारा व्हता."

सिंगानं आईकडे बघितलं. तो घराकडे गेला, शेळ्यांच्या गवताचा भारा दोरानं बांधला, डोक्यावर घेतला आणि पुन्हा नदीत उतरला. भारा सांभाळत, पाय चाचपत तो खडकापर्यंत गेला. या वेळी त्याला हात वर करता येईना, दोन्ही हात भाऱ्याला होते, म्हणून त्यानं नुसतं वळून तिच्याकडे तोंड केलं. सुलक्षणाचं बोट बटणावर होतं. ते दाबायला तिला जोर लावावा लागला. नऊ सेकंद. भोंगा. तो निघाला, सावकाश, मान ताठ, पाणी कापत. एका ठिकाणी त्याचा पाय घसरला, भारा कलला, त्यानं तो सावरला. सुलक्षणा आता मोठ्यानं मोजत होती, ते तिला कळत नव्हतं. तोतारामही तिच्याबरोबर मोजायला लागला होता. अठ्ठ्याण्णवला सिंगा काठावर आला.

"कितला?"

"अठ्ठ्याण्णव," तोताराम म्हणाला.

"मिनिट?"

"नही. सेकंद. दीड मिनिटपेक्षा थोडं जास्ती."

भागाबाई पुढे झाली. तिनं टाचा उचलून दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावरचा भारा उतरवून घेतला आणि खाली ठेवला. भारा उतरला तरी सिंगाची मान तशीच ताठ राहिली, हात तसेच वर. शेळ्या आल्या आणि गवताला लागल्या. चढावरून बायका एकेक करून खाली यायला लागल्या. तोतारामनं लॅपटॉप मिटला आणि तिच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "ताई, झालं. बस करा." तेव्हा सुलक्षणाच्या लक्षात आलं की ती अजून मोजतेच आहे, एकशे चाळीस, एकशे एक्केचाळीस, आणि तिच्या हनुवटीवरून पाणी खाली टपकतंय.